जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : प्रस्तावना

क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही दोन्ही कामे चालकाकडून काढून घेऊन स्वतः करणारा गिअरबॉक्स म्हणजे ऑटोमॅटिक. व्याख्या एका ओळीत मावते, पण तिच्यात चार निरनिराळ्या जातींची यंत्रे येतात आणि जुन्या ऑटोमॅटिक गाडीविषयीचा बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. एका जातीचे तेल दुसरीत ओतले जाते. एकीचा दोष दुसरीचा स्वभाव समजून सोडून दिला जातो. जिथे बॅटरी किंवा सेन्सर बदलून भागले असते, तिथे ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल लागतो आणि जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा वाटा खाणारा खर्च मालकासमोर उभा राहतो.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न अधिक टोकदार आहे, कारण इथे ऑटोमॅटिक गाडी बऱ्याच घरांत नवी म्हणून येत नाही, वापरलेली म्हणून येते. पुणे-मुंबईच्या कोंडीत पाच-सात वर्षे रांगलेली किंवा हैदराबादेत चाललेली गाडी एमएच-२६ किंवा एमएच-२४ च्या पत्त्यावर येऊन नवे आयुष्य सुरू करते. नांदेडची हद्द तेलंगणाला आणि लातूरची कर्नाटकातल्या बिदरला लागून असल्याने परराज्यातल्या पासिंगची गाडी इथल्या लोकांना नवी नाही. ना हरकत प्रमाणपत्र, फॉर्म २८, २९ आणि ३०, वाहन कर, विमा, आरसी बुकावरचा कर्जाचा बोजा, ही कागदपत्रे बारकाईने पाहण्याची सवय या भागातल्या खरेदीदाराला आहे. गिअरबॉक्स पाहण्याची सवय अजून व्हायची आहे. इंजिनाचा आवाज ऐकला जातो, टायर आणि रंग पाहिला जातो, आणि ‘डी’मध्ये टाकून चार पावले पुढे-मागे केली की ऑटोमॅटिकची परीक्षा संपते.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयोगाचे आहे, कारण आज रस्त्यावर असलेल्या चारही जाती त्यातल्या वेगवेगळ्या वळणांवर जन्मल्या. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये द्रवातून शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ते जहाजांसाठी होते. मोटारीत पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर आणला तो अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने. १९३९ मध्ये जाहीर झालेला हायड्रामॅटिक १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत बसवला गेला, आणि दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यांतही वापरला गेला. टॉर्क कन्व्हर्टर १९४८ मध्ये ब्यूकच्या डायनाफ्लोबरोबर सामान्य मोटारीत पोचला. तेव्हापासून टॉर्क कन्व्हर्टर आणि त्याच्या मागे ग्रहमालेसारखी रचना असलेले दातेरी संच ही जोडी ऑटोमॅटिकची मुख्य परंपरा बनली. तीन गिअरचे चार झाले, सहा झाले, आठ झाले, पण मूळ कल्पना टिकली.

दुसरी परंपरा हॉलंडमधली. १९५८ मध्ये डाफ कंपनीच्या छोट्या मोटारीत हब व्हॅन डोर्न यांनी रबरी पट्टा आणि रुंदी बदलणाऱ्या पुल्या यांच्यावर चालणारा, पायऱ्याच नसलेला गिअरबॉक्स दिला. पुढे रबराच्या जागी शेकडो पोलादी पात्यांचा पट्टा आला, आणि त्यातून आजचा सीव्हीटी घडला. तिसरी परंपरा दोन क्लचची. एक क्लच सम गिअर धरतो, दुसरा विषम, त्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार असतो. शर्यतीच्या गाड्यांत हे आधी होते. सामान्य ग्राहकासाठी फोक्सवॅगनने २००३ मध्ये ते मोठ्या संख्येने बाजारात आणले. चौथी जात सर्वांत साधी. नेहमीचाच हाताने टाकायचा गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लच प्लेट, फक्त ती दाबायला आणि गिअर ढकलायला मोटर किंवा तेलाच्या दाबावरचा अ‍ॅक्च्युएटर. तिला एएमटी म्हणतात.

भारतात पहिल्या तीन जाती दीर्घकाळ महागड्या किंवा हौशी गाड्यांपुरत्या राहिल्या. झेन, एस्टीम, सँट्रो यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या आल्या, पण लहान गावात त्या क्वचितच दिसत. होंडा सिटीत सीव्हीटी आला. मराठवाड्याचा या इतिहासाशी एक थेट धागाही आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा इथे स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये ऑक्टाव्हियाने सुरू झाला, आणि पुढे दोन क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सची लॉरा तिथेच जोडली गेली. खरा बदल मात्र फेब्रुवारी २०१४ मध्ये झाला. ग्रेटर नोएडाच्या वाहन प्रदर्शनात मारुती सेलेरिओ एएमटीसह सादर झाली आणि छोट्या गाडीच्या गिऱ्हाइकालाही ऑटोमॅटिक परवडू लागली. त्याच वर्षी टाटा झेस्टच्या डिझेल गाडीत एएमटी आला. पुढच्या काही वर्षांत अल्टो के-१०, वॅगन-आर, टियागो, नेक्सॉन अशी रांग लागली. त्या लाटेतल्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, आणि नांदेड-लातूरच्या बाजारात येत आहेत त्या मुख्यतः याच.

म्हणून कोणत्याही तपासणीचे पहिले पाऊल म्हणजे जात ओळखणे. गिअरच्या दांड्यावर ‘पी’ नसेल आणि ‘आर-एन-डी’ एवढेच असेल, तर त्या काळातल्या छोट्या गाडीत तो बहुधा एएमटी असतो. मारुती आणि टाटांच्या अनेक एएमटी गाड्यांत चालकाचे दार उघडताच बॉनेटखालून दोन-तीन सेकंद घुर्र असा आवाज येतो. अ‍ॅक्च्युएटरचा पंप तेलाचा दाब तयार करत असतो, दोष नसतो. मात्र तोच पंप उभ्या गाडीत पुन्हापुन्हा चालू होत राहिला, तर दाब कुठेतरी गळतो आहे किंवा अ‍ॅक्च्युएटरच्या छोट्या टाकीतले तेल कमी झाले आहे असे समजावे. सीव्हीटीत वेग वाढताना गिअर बदलल्याचा टप्पा जाणवत नाही. इंजिनाची रेस एका जागी धरून राहते आणि गाडी तिला गाठत जाते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ब्रेक सोडला की गाडी लोण्यासारखी सरकू लागते. दोन क्लचच्या गाडीत तीच सुरुवात किंचित अडखळत होते, पण एकदा वेग धरला की गिअर कधी बदलला हे कळतही नाही.

दुखणी जातीप्रमाणे वेगळी. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत थंड सकाळी ‘डी’ टाकल्यावर गाडीने धक्का न देता सेकंद-दीड सेकंदात गिअर धरला पाहिजे. तीन-चार सेकंद काहीच घडले नाही आणि मग धक्का बसला, तर तेल कमी आहे किंवा आतल्या सिलांतून दाब निसटतो आहे. चढावर रेस वाढते पण गाडी ओढत नाही, ही तक्रार घर्षणपट्ट्या घसरत असल्याची. ६० ते ८० च्या वेगात, हलक्या पायाने सरळ रस्त्यावर जाताना रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर होत असेल, तर कन्व्हर्टरमधल्या लॉक-अप क्लचवर संशय घ्यावा. ही थरथर पुष्कळदा योग्य तेल घातल्याने कमी होते, म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याआधी तेवढा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. सीव्हीटीत दाब कमी पडला की पट्टा पुलीवर घसरतो, त्याचे चरे पुलीवर उमटतात, आणि तिथून परतीचा रस्ता नसतो. कण्हल्यासारखा वाढत जाणारा आवाज आणि कमी वेगातला थरकाप हे त्याचे आधीचे इशारे आहेत. कोरड्या दोन क्लचच्या गाडीला सगळ्यांत जास्त त्रास रांगत्या रहदारीचा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धवट धरलेला क्लच तापत राहतो. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत सणाच्या संध्याकाळी अर्धा तास अडकलेली अशी गाडी थरथरू लागली, तर तिला थांबवून थंड होऊ देणे हाच त्या क्षणीचा उपाय आहे.

एएमटीविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण इथल्या घरांत त्याच गाड्या जास्त आहेत. एएमटी बिघडला असे म्हटले जाते तेव्हा बिघडलेली असते बहुधा क्लच प्लेट, म्हणजे हाताच्या गाडीतही झिजणारीच वस्तू. चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवण्याची सवय ती लवकर जाळते. नवी प्लेट बसवल्यावर क्लच नेमका कुठे धरतो हे गिअरबॉक्सच्या संगणकाला स्कॅनरने पुन्हा शिकवावे लागते. ही पायरी गाळली तर नवी प्लेट घालूनही गाडी झटके मारते आणि दोष सुट्या भागावर ढकलला जातो.

तेल हा या सगळ्या विषयाचा गाभा. ऑटोमॅटिकमधले तेल एकाच वेळी वंगण, थंडावा, दाब वाहून नेणारा द्रव आणि घर्षणाचे प्रमाण ठरवणारा घटक अशी चार कामे करते. चौथे काम सगळ्यांत नाजूक. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सला घर्षणपट्ट्या मऊपणे धरतील असे तेल लागते; सीव्हीटीला धातूवर धातू घट्ट धरेल असे. म्हणून लाल रंगाचे नेहमीचे तेल सीव्हीटीत ओतणे म्हणजे पट्ट्याचे आयुष्य मोडीत काढणे. होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-२, निस्सानच्या सीव्हीटीला एनएस-२ किंवा एनएस-३, टोयोटाच्या अनेक ऑटोमॅटिकना डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या गाड्यांना पिढीनुसार एसपी-३ किंवा एसपी-४ लागते. ‘सगळ्यांना चालते’ असे छापलेल्या डब्यावर विसंबण्यापेक्षा गाडीच्या पुस्तिकेतले नाव पाहून तेच तेल पुण्याहून किंवा हैदराबादेहून मागवणे दोन दिवस उशिराचे, पण शहाणपणाचे आहे. एएमटीत तर तेले दोन. गिअरबॉक्समध्ये नेहमीचे गिअर ऑइल, आणि तेलाच्या दाबावर चालणारा अ‍ॅक्च्युएटर असेल तर त्यात वेगळे पातळ तेल. त्यांची अदलाबदल करून चालत नाही.

या तेलाचाही इतिहास आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतल्या ऑटोमॅटिक तेलांत स्पर्म व्हेलच्या चरबीचा अंश मिसळला जाई, कारण घर्षण मऊ ठेवण्यात त्याला तोड नव्हती. व्हेल वाचवण्याचे कायदे आल्यावर रसायनशास्त्राला पर्याय शोधावा लागला. आजची महागडी कृत्रिम तेले त्या शोधाची वंशज आहेत.

तेलाचा शत्रू ताप. धावत्या गिअरबॉक्सचे तेल साधारण ८० ते ९५ अंशांवर राहते. त्याच्या वर दर १०-१२ अंशांमागे तेलाचे आयुष्य जवळपास निम्मे होते, हा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. मे महिन्यात नांदेड-लातूरला पारा ४२ च्या पुढे जातो. त्यात एसी पूर्ण, गाडीत सात माणसे, वर सामान, आणि रेडिएटरच्या पुढच्या जाळीत धूळ, किडे आणि कापसाचे तंतू अडकलेले. गिअरबॉक्सचा कूलर बहुतेक गाड्यांत रेडिएटरमध्ये किंवा त्याच्यापुढे असतो, त्यामुळे बंद झालेली जाळी गिअरबॉक्सलाही भाजते. जाळीवर पाण्याची साधी, हलकी धार मारणे हे घरी करता येणारे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित काम आहे. उष्ण हवामानाचा परिणाम किती खोल जातो याचे उदाहरण फोक्सवॅगनने स्वतःच दिले. २०१३ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या कोरड्या डीएसजीतले कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरण्याची मोहीम घेतली, कारण उष्ण-दमट हवा आणि थांबत-थांबत चालणारी रहदारी यांत त्या तेलामुळे विजेचा भाग निकामी होऊ शकत होता.

‘आयुष्यभराचे तेल’ हा शब्दप्रयोग याच कारणाने सावधपणे घ्यावा. काही कंपन्या आपल्या गिअरबॉक्सचे तेल बदलायची गरज नाही असे सांगतात. पण त्यांच्याच पुस्तिकांत कडक वापरासाठी वेगळी अट पुष्कळदा असते, आणि धूळ, उष्णता, जड ओझे, छोट्या फेऱ्या हे सगळे कडक वापरातच मोडते. मराठवाड्यातली गाडी कडक वापराची धरावी आणि ४० ते ६० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलावे, हे मत प्रस्तुत पुस्तकाने स्पष्टपणे घेतले आहे.

तेल कसे बदलावे यावर दोन पंथ आहेत. एक पंथ यंत्राने दाब देऊन सगळे तेल एकदम बदलतो. दुसरा खालचा बोल्ट उघडून निघेल तेवढे काढतो आणि तेवढेच भरतो. या पद्धतीत टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकलेले तेल मागे राहते. एका वेळी तिसरा हिस्सा ते निम्मे तेलच बदलते, म्हणून काही शे किलोमीटरच्या अंतराने दोन-तीनदा हे करावे लागते. घरासाठी दुसरा पंथच योग्य. जुन्या, दुर्लक्षित गिअरबॉक्सवर दाबाचा मारा केल्यास तळाशी बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकू शकतो. ‘नवे तेल घातले आणि गिअरबॉक्स बसला’ ही गोष्ट प्रत्येक गॅरेजात ऐकू येते. तिच्यामागे पुष्कळदा हे असते की गाडी आधीच घसरत होती, आणि शेवटचा उपाय म्हणून तेल बदलले गेले. घसरू लागलेल्या पट्ट्या तेलाने भरून येत नाहीत. जी गाडी अजून घसरत नाही, तिच्यासाठीच तेल हे औषध आहे.

ही कृती जवळून पाहिली तर तिच्यातली शिस्त लक्षात येते. नव्या गाड्यांना तेलाची पट्टी नसते. बाजूला एक बोल्ट असतो, आणि ठरावीक तापमानाला तिथून तेल ठिबकू लागले की पातळी बरोबर मानतात. हे तापमान अनेक गिअरबॉक्सना ३५ ते ४५ अंशांच्या आसपास सांगितलेले असते. थंड देशात लिहिलेली ही सूचना लातूरच्या मे महिन्यात दुपारी पाळताच येत नाही. उन्हात उभ्या गाडीचे तेल इंजिन सुरू होण्याआधीच त्या मर्यादेच्या टोकाला असते, गरम तेल फुगते, आणि पातळी पुरेशी आहे असे भासवून प्रत्यक्षात कमी भरते. म्हणून रात्रभर सावलीत उभी असलेली गाडी पहाटे घ्यायची. सपाट फरशीवर चारही कोपरे सारखे उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवायचे. प्रथम भरण्याचा बोल्ट सैल होतो का ते पाहायचे. तो जाम असेल आणि खालचा आधी उघडला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी अंगणात अडकते. मगच खालचा उघडायचा, निघालेले तेल मापाच्या भांड्यात मोजायचे आणि तितकेच नवे भरायचे. मग इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून, दांडा प्रत्येक खुणेवर काही सेकंद ठेवत फिरवायचा, स्कॅनरवर तेलाचे तापमान वाचत राहायचे, आणि ठरलेल्या अंशावर पातळीचा बोल्ट काढून बारीक धारेचे थेंब होईपर्यंत थांबायचे.

निघालेले तेल हेच त्या गाडीचे सगळ्यांत प्रामाणिक कागदपत्र. लालसर-तपकिरी रंग वयाचा, काळा रंग आणि जळका वास दुखण्याचा. काही तेले मुळातच हिरवट किंवा पिवळसर असतात, म्हणून रंगाची तुलना नव्या तेलाच्या थेंबाशी पांढऱ्या कागदावर करावी. बोल्टवरच्या किंवा चेंबरमधल्या लोहचुंबकावर काजळासारखा मऊ, करडा लेप असणे स्वाभाविक आहे. तो बोटांत चोळल्यावर खरखरीत लागू नये. टोचणाऱ्या कपच्या, चमकणारे तुकडे किंवा पट्ट्यांचे काळे कपटे निघाले, तर घरचे काम तिथेच थांबते. दुधाळ गुलाबी तेल सर्वांत वाईट, कारण त्यात पाणी शिरलेले असते, मग ते फुटलेल्या कूलरमधून येवो की पुरातून. पाण्याने पट्ट्यांवरचे घर्षणाचे अस्तर सुटते. २०२५ च्या पावसाळ्यात मुखेडपासून मांजरा-तेरणाच्या काठापर्यंत पुराने हाहाकार केला. अशा वर्षानंतर बाजारात येणाऱ्या जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

निदानाचा क्रम मात्र तेलाच्याही आधी सुरू होतो. अशक्त बॅटरी आणि सैल अर्थिंग यांनी गिअरबॉक्सचा संगणक गोंधळतो आणि गाडी नसलेले रोग दाखवते. तुटलेले इंजिन माउंटिंग ‘डी’ टाकताना असा धक्का देते की दोष गिअरबॉक्सवर जातो. एका सिलिंडरचे मिसफायर लॉक-अपच्या थरथरीसारखेच भासते. दांडा ‘पी’मधून हलतच नसेल, तर आधी मागचे ब्रेकचे दिवे लागतात का ते पाहावे, ब्रेकचा स्विच गेला की दांड्याचे कुलूप उघडत नाही, आणि तो स्विच स्वस्त असतो. भारतात एप्रिल २०१३ पासून गाड्यांत ओबीडी-२ सक्तीचे झाल्याने त्यानंतरच्या गाडीत मोबाइलला जोडता येणारा छोटा स्कॅनर दोषांचे संकेतांक वाचू शकतो. पी ०७०० एवढाच आकडा दिसला तर गिअरबॉक्सच्या संगणकात काही नोंद आहे, एवढेच कळते. नेमकी नोंद वाचायला त्या संगणकापर्यंत पोचणारा चांगला स्कॅनर लागतो. पी ०७४१ लॉक-अप क्लचकडे बोट दाखवतो, पी ०७३० गिअरच्या चुकलेल्या प्रमाणाकडे, पी ०२१८ तापलेल्या तेलाकडे. संकेतांक कुठे पाहायचे ते सांगतो. भाग बदलण्याचा हुकूम म्हणून तो घेतला की खर्च वाया जातो. विकत घ्यायच्या गाडीचे नुकतेच पुसलेले संकेतांक हीसुद्धा माहितीच असते.

खरेदीपूर्वी गाडी पूर्ण थंड असताना सुरू करण्याचा आग्रह धरावा, कारण उशिरा गिअर धरण्याचा दोष गरम गाडीत लपतो. मग ती किमान अर्धा तास चालवावी, कारण घसरण्याचा आणि थरथरण्याचा दोष गरम झाल्यावरच उघडा पडतो. अहमदपूर-लोहा मार्गे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर एकसारखा वेग धरता येतो, लॉक-अप तपासायला तो रस्ता सोयीचा आहे. रांगण्याची परीक्षा शहरात होते.

एक स्थानिक सवय इथे नोंदवलीच पाहिजे. बंद पडलेली गाडी दोरीने ट्रॅक्टरमागे बांधून वीस-तीस किलोमीटर ओढत आणणे या भागात रूढ आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या आणि सीव्हीटीच्या गाडीत वंगणाचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद आणि चाके फिरती, म्हणजे आतले भाग कोरडे घासत जातात. सेन्सरच्या छोट्या बिघाडाने थांबलेली गाडी अशा प्रवासानंतर खरोखरच गिअरबॉक्स गमावून गावात पोचते. ओढणारी चाके जमिनीवरून उचलून किंवा पूर्ण गाडी सपाट ट्रकवर चढवूनच ती हलवावी.

घरी काय करू नये याची सीमा पुस्तकाने ठळक आखली आहे. व्हॉल्व्ह बॉडी उघडणे, टॉर्क कन्व्हर्टर काढणे, सीव्हीटीचा पट्टा, डीएसजीचा क्लच आणि मेकॅट्रॉनिक (त्याचा नियंत्रण करणारा भाग) यांना खास हत्यारे, स्वच्छ खोली आणि कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. इथेही दुरुस्तीचे दोन पंथ आहेत. अधिकृत केंद्रे बहुधा पूर्ण युनिट बदलतात. पुण्या-हैदराबादेतले विशेष कारागीर ते उघडून पट्ट्या, सील, सोलेनॉइड बदलून पुन्हा जोडतात. जुन्या गाडीला दुसरा मार्ग परवडतो, पण कारागीर निवडताना त्याच जातीचे काम त्याने केलेले आहे का, हे विचारावे.

आजच हे पुस्तक का, याचे उत्तर माणसांत आहे. गुडघे दुखणारे आई-वडील, नव्याने गाडी शिकलेल्या गृहिणी, शिकवणीसाठी लातूरला आलेल्या मुलांचे पालक, तालुक्याच्या दवाखान्यांत फिरणारे डॉक्टर, यांनी ऑटोमॅटिक स्वीकारली आहे. दुरुस्तीचे ज्ञान त्यांच्या मागून येत आहे. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमातून बाहेर पडणारे तरुण आणि इंजिनावर वर्षानुवर्षे हात बसलेले मिस्त्री हे ज्ञान घेण्यास पूर्ण समर्थ आहेत. त्यांच्यापुढे मराठीत मांडलेली सलग माहिती नव्हती. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या दुरुस्तीच्या हक्काच्या पोर्टलमध्ये वाहन क्षेत्राचा समावेश आहे. पण दुरुस्तीची माहिती मागण्याचा हक्क वापरायला काय मागायचे ते आधी कळावे लागते.

पुस्तक चारही जातींसाठी एकच क्रम पाळते: ओळख, लक्षण, तपासणी, तेल, आणि थांबण्याची जागा. गाडीगणिक तेलाचे माप किंवा बोल्टचा ताण ते देत नाही, कारण ते त्या-त्या गाडीच्या पुस्तिकेचे काम आहे, आणि दोहोंत फरक दिसला तर पुस्तिकाच प्रमाण मानावी. मिस्त्रीची जागा घेण्याचाही त्याचा हेतू नाही. मालक आणि मिस्त्री दोघांनी एकाच नोंदीकडे बोट दाखवून बोलावे, एवढी त्याची अपेक्षा आहे. म्हणून किलोमीटर, तारीख, काढलेल्या तेलाचे माप आणि रंग, स्कॅनरचे आकडे हे सगळे वहीत लिहिण्यावर त्यात वारंवार भर आहे.

वाचकांना दोन विनंत्या. काढलेले तेल नाल्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासू नये. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले तेल येते, आणि टंचाईच्या या मुलखात एक विहीर नासणे कुणालाच परवडणारे नाही. ते झाकणाच्या डब्यात भरून वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. घोड्या नसतील तर त्या दिवशी काम करू नये.